एका सेमिस्टरने मोठा

ऑक्टोबर लागला की जर्मनीतल्या आखेनच्या बसमध्ये मराठीतून कुणाची कुचाळकी करायची सोय उरत नाही. मागच्या सीटवर कोथरूडचा नाहीतर नाशिकरोडचा कुणीतरी हमखास बसलेला असतो. शिकायला आलेल्या या नव्या पोरांच्या घोळक्यात हातात काहीही सामान नसलेला आणि तरी सगळ्यांत जास्त घाईत असलेला जो दिसतो, तो दादा. दादा एप्रिलमध्ये आला. म्हणजे बाकीच्यांपेक्षा एका सेमिस्टरने मोठा. वयाने एखाद्याहून लहानही असेल, पण ‘आम्ही आलो तेव्हा’ हे तो अशा आवाजात म्हणतो, की पानिपतावरून जिवंत परतलेला माणूस बोलतोय असं वाटावं.

दादाच्या खिशात कायम मार्कर आणि चिकटपट्टी. जर्मनीत पत्त्यावर सहसा फ्लॅट नंबर नसतो. टपालपेटीवर नाव असेल तर पत्र मिळणार, नसेल तर आल्या वाटेने परत. आणि इथे महत्त्वाचं सगळं अजून पत्रानेच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, तीही वेगळ्या दिवशी. त्यात आपल्या पासपोर्टवर नावाला लागून वडिलांचं नाव, त्यामुळे पत्र बापलेकांच्या नावे संयुक्त. ‘पेटीवर बाबांचंही नाव टाक,’ दादा फर्मावतो. ‘ते कल्याणला असले तरी जर्मनीच्या हिशोबाने इथेच राहतात.’

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटात ११,९०४ युरो भरलेले असतात आणि त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. बापाचेच पैसे, पण खात्यात पडले की पगार झाल्याचा भास होतो. नवा पोरगा पहिले काही दिवस दुकानातल्या प्रत्येक किमतीला शंभराने गुणतो आणि फ्लॉवर तसाच ठेवून बाहेर येतो. ‘रुपयांत मोजणं सोड, वेडा होशील,’ असं त्याला बजावणारा दादा शनिवारी संध्याकाळी सॅकभर रिकाम्या बाटल्या घेऊन त्याच दुकानात उभा असतो. बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राच्या गोल तोंडात बाटली आडवी सरकवायची. ती आत गरगर फिरते, बारकोड वाचला जातो आणि पडद्यावर २५ सेंट उमटतात. बाटली चेपलेली असली की यंत्र ती पुन्हा बाहेर ढकलतं. मग दादा मागच्या रांगेची तमा न बाळगता ती तोंडाला लावून फुगवतो आणि पुन्हा आत सारतो. बियरच्या काचेच्या बाटलीला मात्र ८च सेंट. ‘प्यायचीच तर कॅनमधली पी,’ दादाचा सल्ला, ‘परतीला १७ सेंट जास्त सुटतात.’ ते सेंट घेताना आपणच भरलेले असतात, हे त्याला सांगून उपयोग नाही. सांगून पाहिलेलं आहे.

दादाची खरी कसोटी अनमेल्डुंगच्या दिवशी लागते. घर मिळाल्यावर २ आठवड्यांत सरकारदरबारी पत्त्याची नोंद करावी लागते, आणि टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, हमखास त्या २ आठवड्यांनंतरचा मिळतो. दादा दुभाषा म्हणून नव्या पोरासोबत येतो. त्याचं जर्मन ए-टू पातळीचं, पण ज्युनिअरसमोर ते सी-वन होतं. त्याची सगळी भिस्त ‘गेनाउ’ या शब्दावर. कुणी काहीही म्हटलं की मान हलवून ‘गेनाउ’, म्हणजे अगदी बरोबर. खिडकीपलीकडच्या बाई कागद चाळत धर्म विचारतात. इथे तो उगाच विचारत नाहीत. चर्चचा सभासद म्हणून नोंद झाली की पुढे आयकरावर आणखी ९ टक्के चर्च-कर लागतो.

‘कॅथलिक की इव्हँजेलिकल?’ बाई विचारतात.

‘गेनाउ,’ दादा.

बाई चष्म्यावरून बघतात. ‘दोन्ही?’

‘गेनाउ.’

हा पोरगा घरी सत्यनारायणाचा प्रसाद वाटून विमानात बसलेला. बाई त्याच्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणतात, ‘तुमच्या मित्रांना जरा बाहेर बसायला सांगता का?’ काम पाच मिनिटांत होतं. बाहेर आल्यावर दादा खांद्यावर हात ठेवतो. ‘मुद्दामच उठलो रे. तुला बोलायची सवय व्हायला हवी.’

एक मात्र कबूल करायला हवं, रविवारी दादाशिवाय पान हलत नाही. त्या दिवशी दुकानं बंद, आणि लोणच्याची रिकामी बरणी रस्त्यावरच्या काचपेटीत टाकायलाही मनाई, कारण खळ्ळकन आवाज होतो. अशा वेळी दादा पोरांना बसमध्ये घालून फाल्सला नेतो. फाल्स हॉलंडमध्ये, तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं. आईचा फोन आला की पोरगं बसमधून सांगतं, ‘कोथिंबीर आणायला चाललोय, हॉलंडला.’ पलीकडे बराच वेळ शांतता.

फ्रँकफुर्टला विमानतळावर नव्या मुलाला आणायलाही दादाच जातो. पोरगा २३-२३ किलोच्या दोन बॅगांवर मान टाकून पेंगतो, आणि गाडी कोलोनच्या अलीकडे थांबते. ‘जर्मनीत गाड्या वेळेवर असतात ना, दादा?’ तो बिचारा विचारतो. दादा उत्तर देत नाही. त्याचं लक्ष मोबाइलवर. मुक्कामाला गाडी ६० मिनिटं उशिरा पोचली की तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, आणि आत्ता उशीर आहे ५२ मिनिटं. दादा अर्ज आधीच भरून बसलाय. ५४ होतात, ५७ होतात. पोरगा म्हणतो, ‘एकदाची पोचू दे बाबा,’ तर दादा त्याच्यावर डोळे वटारतो. पण पुढे रूळ मोकळे मिळतात, ड्रायव्हर जोर काढतो आणि गाडी आखेनला ५८ मिनिटं उशिरा लागते. दादा दोन्ही बॅगा फलाटावर आदळतो.

‘काही शिस्तच राहिली नाही या देशात!’