एका वेळी एकच

वेबसाइट बंद पडल्याचा फोन आला की पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही काहीच केलं नाही हो." हे खोटं नसतं. फक्त काल रात्री अपडेट केलेलं प्लगइन त्या 'काहीच'मध्ये धरलेलं नसतं.

थीम करणाऱ्याची खरी परीक्षा इथून सुरू होते, आणि ती हुशारीपेक्षा हात आवरण्याची जास्त असते. वर्डप्रेसची साइट पांढरीफटक पडली की बोटं शिवशिवतात. कॅशे उडवावी, थीम बदलावी, पीएचपीची आवृत्तीही बदलून बघावी. यातलं काहीतरी लागू पडतं, साइट उठते आणि कशानं उठली ते कोणालाच कळत नाही. मुरलेला माणूस सर्व्हरवर जाऊन फक्त प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदलतो. फोल्डर सापडेनासं झाल्यावर सगळी प्लगइन्स गप्प होतात. साइट उठली, तर दोषी त्यांच्यातच आहे. मग नाव पूर्ववत करायचं आणि एकेक प्लगइन सुरू करत जायचं. वेळखाऊ काम आहे, पण चोर सापडतो.

पीएचपीची तक्रारही सावकाश ऐकावी लागते. ४१व्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर ती बोट दाखवते ४२व्या ओळीकडे, कारण गडबड तिच्या लक्षात तिथे येते. बिचाऱ्या ४२व्या ओळीची लोक तासभर उलटतपासणी करतात. म्हणून ओळीचा आकडा दिसला की आधी वरच्या घरी चौकशी करावी.

हात न आवरण्याचा कळस बघायचा तर झेड-इंडेक्स बघावा, म्हणजे पानावर कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा. मेनू स्लायडरच्या मागे दडला की कोणीतरी त्याला ९९९ देतं. पुढचा ९९९९ देतो, त्याच्या पुढचा आणखी एक नऊ जोडतो. मेनू ढिम्म हलत नाही. कारण मेनू ज्या डब्यात बसलाय, त्याला कोणीतरी हौसेनं ट्रान्सफॉर्म नाहीतर थोडी पारदर्शकता दिलेली असते. त्यामुळे आतले सगळे आकडे त्या डब्यापुरतेच चालतात. गल्लीतला दादा शेवटी गल्लीतच दादा! नऊ वाढवण्याऐवजी बाहेरच्या डब्याचा आकडा एकानं वाढवला, तरी बहुतेकदा काम होतं.

सीएसएसच्या नियमाला जोडायच्या 'इम्पॉर्टंट'चीही तीच कथा. रंग बदलत नाही म्हणून घोषणा ठोकून द्यायची. मग तिच्यावर मात करायला दुसरी, आणि अखेर पानभर सगळंच महत्त्वाचं. गंमत म्हणजे ही सोय केवळ थीमवाल्यांच्या भांडणासाठी नव्हतीच. १९९८ सालच्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत असं ठरलं, की वाचकानं स्वतःच्या ब्राउझरमध्ये 'इम्पॉर्टंट' म्हटलं, तर लेखकाचं 'इम्पॉर्टंट' मागे पडेल. ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, त्याच्या शब्दाला शेवटचा मान. आपण तो हक्क बटणाची निळाई टिकवायला खर्चून टाकला. खरं तर उजवं क्लिक करून ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये पाहिलं, तर आपला नियम आडवी रेघ मारून बसलेला दिसतो आणि त्याला कोणी हरवलं तेही वर लिहिलेलं असतं.

हात आवरण्याची एक दुसरी बाजूही आहे. जुन्या थीममध्ये 'झूम: १' अशी एकाकी ओळ असते. इंटरनेट एक्सप्लोरर ६ला चौकटी नीट मोजता येत नसत, त्याची समजूत काढायला ती घातलेली. तो ब्राउझर केव्हाच गेला, २०२२ साली मायक्रोसॉफ्टनं त्याच्या धाकट्या भावंडालाही निरोप दिला, पण ती ओळ काढायला कोणी धजत नाही. बाजूला टीप असते, "काढू नका." का, ते नाही. म्हणून दुरुस्ती करताना तेवढं एक वाक्य जास्त लिहावं: हे कशासाठी, आणि कधी काढलं तरी चालेल. नाहीतर आपला आजचा उपाय उद्याच्या माणसाला 'आम्ही काहीच केलं नाही'मध्ये धरावा लागतो.