बारा फोटोंचे नाना

आमच्या फोटोग्राफी क्लबची सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, पुण्यातल्या एका शाळेत, तिसरी 'ब'च्या वर्गात भरते. बाकं अर्थातच तिसरीच्या मापाची. त्यामुळे दोन लाखांची लेन्स मांडीवर घेतलेले डॉक्टर, आयटीतली दोन पोरं, एक औषधाचे दुकानदार आणि मी, असे सगळे गुडघे हनुवटीला टेकवून बसतो. फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारची नोंद पुसायची राहिलेली असते : पट ४२, हजर ३८. आमचा पट साठाचा आहे. हजर नऊ.

या नवांत नाना असतातच, कारण वर्गाची किल्ली त्यांच्याकडे असते. नाना बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले. नोटा मोजायची बोटं तशीच राहिली, फक्त आता ते फोटो मोजतात. नानांच्या कॅमेऱ्यात मुलाने घालून दिलेलं चौसष्ट जीबीचं कार्ड आहे. त्यात हजारो फोटो मावतात, हे त्यांना मी स्वतः चार वेळा समजावून सांगितलं आहे. नाना ऐकून घेतात, "असेल," म्हणतात आणि बारा फोटो झाले की कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवतात.

बाराच का, याचं उत्तर बडोद्याला आहे. नानांचा पहिला कॅमेरा म्हणजे तिथे बनणारा आग्फा क्लिक थ्री. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी बारा फोटो. रोल थोरल्या भावाच्या पगारातून यायचा आणि तेरावा फोटो मागायची छाती नव्हती. पुढे सेकंडहँड यशिका आला. दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून मान खाली घालून बघायचा. त्यातही फोटो बाराच. नानांच्या दृष्टीने जग या आकड्यावर थांबलं. देवाने मुंगी आणि माणूस दोघांनाही दिवसाला बाराच फोटो नेमून दिले आहेत, अशी त्यांची एकूण समजूत असावी.

त्यामुळे नाना फोटो काढत नाहीत, फोटोची वाट बघतात. "काय घाई आहे? उजेड येऊ दे," हे त्यांचं पालुपद. उजेड मोजायला त्यांना मीटर लागत नाही. ते स्वतःचा तळहात उन्हात धरतात, खालीवर करतात आणि हस्तसामुद्रिक बघितल्यासारखं सांगतात, "कडक ऊन, शंभरची फिल्म. एफ सोळा, एकशे पंचविसांश." कॅमेरा ऑटोवर ठेवलेल्या पोरांनी पडद्यावर बघावं तर आकडा जवळपास तोच! पोरं गप्प होतात. नाना मात्र खटका दाबत नाहीत. ढग येतोय म्हणे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही भिगवणला गेलो. पहाटे साडेचारला पुणे सोडलं, कुंभारगावात उजाडलं आणि उजनीच्या पाण्यात होडी लोटली. रोहित पक्ष्यांचा मोठा थवा, पाण्यावर धुकं, मागे तांबडं फुटलेलं. आयटीतल्या पोरांचे कॅमेरे शिलाई मशीन चालावं तसे सुटले. नाना होडीच्या टोकाला बसून होते. म्हणाले, "आत्ता खाली माना घालून खातायत. एक मान वर येईल, तेव्हा." आली. पण त्याच घटकेला नानांच्या चष्म्यावर धुकं बसलं होतं आणि ते धोतराच्या सोग्याने पुसावा तसा तो सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. थवा उडाला. होडीवाल्यालासुद्धा वाईट वाटलं. नाना शांतपणे चष्मा चढवून म्हणाले, "छान उडाले नाही?" परतताना हिशोब झाला : पोरांचे मिळून अडीच हजार, नानांचे सात. उरलेल्या पाचांत त्यांनी चहाच्या टपरीवरचं एक स्टोव्ह पेटवतानाचं दृश्य टिपलं आणि चार फोटो घरी आणले, म्हणजे न काढलेले.

ही काटकसर लग्नात महागात पडते. नात्यातल्या एका लग्नात "आपले नाना आहेत की" म्हणून फोटोग्राफर सांगितला नाही. नाना यशिका घेऊन गेले. त्या कॅमेऱ्यात वरून बघताना डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, नवरी हार घेऊन एका बाजूला सरकली, नाना दुसऱ्या बाजूला वळले. अल्बममध्ये समई आहे, सनईवाल्याचे फुगलेले गाल आहेत, खुर्चीत डुलक्या घेणारी आजी तर अशी आली आहे की बघत राहावं. नवरीचं कोपर आहे. तिला आता शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. अजून कुठे भेटली की ती म्हणते, "नाना, माझं कोपर काय सुंदर आलंय हो!" नाना ही दाद समजतात. आणि खरं सांगायचं तर कोपर आहेच सुंदर. बाजूने आलेला उजेड, त्यात हिरवा चुडा. छापील काळ्या-पांढऱ्यातसुद्धा तो हिरवा वाटतो.

नानांच्या या छंदाबद्दल त्यांच्या घरी काकूंचं मत वेगळं आहे. त्यांच्या संसाराची पहिली काही वर्षं न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर गेली. आत झिरोचा लाल दिवा, मोरीवर फळी, फळीवर एन्लार्जर आणि तीन ट्रे. मे महिन्यात डेव्हलपर तापू नये म्हणून शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून बर्फ आणायला काकूंनाच पिटाळलं जाई. "पाहुणे आंघोळीला खोळंबलेत आणि हे आतून ओरडतात, दार उघडू नका, आत्याबाई उमटतायत!" आता डार्करूम गेली, पण पावसाळा आहेच. पुण्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून नानांच्या कपाटात जूनपासून चाळीसचा बल्ब जळतो आणि डब्यांतून सिलिका जेलच्या पुड्या असतात. चपलांच्या दुकानात, औषधांच्या बाटल्यांत, कुठे पुडी दिसली की नाना ती खिशात घालणार. शिवाय जेलचे निळे मणी वेगळे. ओल शोषून ते गुलाबी पडले की नाना गॅसपाशी उभे राहून लोखंडी कढईत मंद आचेवर ते भाजतात. हातात उलथनं, नजर मण्यांवर. गुलाबी फिका होत जांभळट होतो, मग कडेने हळूहळू निळा परत चढायला लागतो. रव्याला एवढं लक्ष दिलं असतं तर शिरा झाला असता, असं काकू म्हणतात. ती कढई त्यांनी माळ्यावरून खास या कामाला काढून दिली आहे आणि तिच्यावर खडूने फुली मारली आहे, कारण ते मणी विषारी.

सभेत फोटो पडद्यावर लागले की सगळे नानांकडे बघतात. नाना नेहमी "छान" पासूनच सुरू करतात, आणि तिथेच पोटात गोळा येतो. "छान आहे. रंग छान. पण हा फोटो तू का काढलास?" या प्रश्नाला क्लबमध्ये आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही. एका नव्या मुलीने मावळतीचा फोटो आणला होता. ती म्हणाली, "सूर्य मावळत होता म्हणून."

"तो रोज मावळतो," नाना म्हणाले.

पुढचे दोन महिने ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात आली ती बसस्टॉपवर झोपलेल्या एका बँडवाल्याचा फोटो घेऊन. नाना बराच वेळ बघत राहिले. मग "हं" म्हणाले. आमच्यात 'हं' म्हणजे सुवर्णपदक. मला अजून मिळालेलं नाही. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे चहा मागवतो.

स्वतःचा फोटो मात्र नाना उलटा दाखवतात. पूर्वी स्पर्धांना प्रिंट टपालाने देशोदेशी जायच्या आणि निवड झाली की मागे त्या प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटून परत यायच्या. नानांच्या घाटावरच्या एका म्हातारीच्या मागे अशा अकरा चिठ्ठ्या आहेत. पाहुण्याच्या हातात आधी ती पाठच पडते. म्हातारीचं तोंड बघायला मिळेपर्यंत चहा निवलेला असतो.

१९ ऑगस्टच्या सुमाराला आमचं प्रदर्शन असतं. १८३९ साली याच दिवशी दागेरची फोटो काढायची पद्धत पॅरिसमध्ये जगासाठी खुली झाली, हे नाना उद्घाटनात सांगतात, दागेर जणू शेजारच्या बोळात राहायला होता. मग ग्रुप फोटो. तो नानाच काढणार, यशिकावर, तिपाईवर लावून. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करायला वीस मिनिटं, ढगाला दहा. मग टायमरची दांडी ओढतात, कॅमेरा गुर्र करायला लागतो आणि नाना दुखऱ्या गुडघ्याने आमच्याकडे धावत सुटतात. वळून उभे राहायच्या आत खट् होतं. आमच्याकडच्या सगळ्या ग्रुप फोटोंत मधोमध नानांची पाठ आहे.

"नाना, अजून एक काढू."

"कशाला? आलाय ना एक."

यंदा बँडवाल्याचा फोटो आणणाऱ्या त्या मुलीने मोबाइल पुढे केला. "नाना, तुम्ही नीट उभे राहा. मी काढते."

"आणि तू फोटोत कशी येणार?" असं म्हणून नानांनी तिला हाताला धरून पहिल्या रांगेत, माझ्या पुढे उभं केलं, ढगाकडे बघितलं आणि दांडी ओढली. ते धावले. खट् झालं, तेव्हा ते बहुधा वळलेले होते, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. मला फक्त त्या मुलीची वेणी दिसत होती.

खरं काय ते कळायला वेळ आहे. रोलमधले चार फोटो अजून शिल्लक आहेत, आणि ते संपल्याशिवाय नाना रोल धुवायला देणार नाहीत.