लालबाग ते चिपी : चाकरमान्यांसाठी हवाई अंतर-मापन

साहित्य : महाराष्ट्राचा नकाशा, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणि वाण्याच्या पुडीचा दोरा. नकाशा भिंतीवरून काढू नये. मागचा ओल आलेला गिलावा उघडा पडतो आणि मग घरात दिवसभर दुसरा विषय निघत नाही.

दोऱ्याचं एक टोक सांताक्रूझवर, दुसरं परुळ्याजवळच्या चिपीवर धरा. मोजा, प्रमाणाने गुणा. उत्तर सुमारे ३५० किलोमीटर येतं. बरंच जास्त आलं, तर दोरा सवयीने पनवेल, पेण, माणगाव करत गेलाय; तो ताणून घ्या. विमानाला कशेडी घाट लागत नाही. (भाचा न्यूयॉर्कला असेल तर नकाशा सोडा, पृथ्वीगोल घ्या. ताणलेला दोरा पश्चिमेला न जाता युरोपच्या पार उत्तरेकडून जातो. ही माहिती लग्नाच्या पंगतीत कामाला येते.)

आता वेळ. या मार्गावर आलेलं पंख्यांचं एटीआर विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर जातं. म्हणजे ४२ मिनिटं. हा आकडा कोणालाही सांगू नका. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा वेळापत्रकात होते १ तास २५ मिनिटं. कारण विमानाची वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते मुक्कामी पुन्हा लावेपर्यंत धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे साधारणपणे एका वेळी एकच चालते. म्हणजे रांग आलीच. शिवाय विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि आपल्याकडे वारा बहुधा समुद्रावरून येतो. तेव्हा दक्षिणेला जाणारं विमान आधी पश्चिमेला, समुद्रावर जातं आणि मग वळतं. आमच्याकडे परळला जायचं तरी टॅक्सीवाला वळण घ्यायला भायखळ्यापर्यंत नेतोच.

यात घर ते विमानतळ मिळवा. गिरगावकरांचं बरं आहे, मेट्रोत बसले की थेट विमानतळ. लालबागकराने गणपतीच्या दिवसांत अंतर किलोमीटरमध्ये न मोजता मंडपांमध्ये मोजावं. विमान सुटायच्या तासभर आधी सामानाचा काउंटर बंद होतो, त्याआधी तिथे उभं राहून बॅग उघडायला वेळ ठेवा. कारण सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. हे आईला पटत नाही. रेल्वेने कधी खोबऱ्याची चौकशी केलेली नाही.

पुढे चिपीहून रिक्षा, मग वाडीपर्यंतची पाखाडी, डोक्यावर मखराचं खोकं. घरून निघाल्यापासून पाच-सहा तास झालेले असतात. मध्यरात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसलेला शेजारी आधीच आंघोळ आटपून पडवीत बसलेला दिसेल. त्याच्याशी हवाई अंतराची चर्चा टाळावी.

आणि गावी फोन करून ‘विमानाक सव्वा तास लागता’ असं काकीला मुळीच सांगू नये. ती घड्याळ बघून भात टाकते.