पुस्तकातलं भूत कसं ओळखावं? सोलापुरी नवशिक्यांसाठी

पूर्वतयारी

भुताच्या पुस्तकांना हात घालणाऱ्या सोलापूरकराचं एक बरं असतं. मुख्य साधन घरातच असतं: चादर. जकार्डवर विणलेली, भौगोलिक निर्देशांक मिळालेली, अंगावर घेतली की घेतल्यासारखी वाटणारी. टाळूपासून तळव्यापर्यंत ओढून घ्यावी, पाय बाहेर राहू देऊ नये. चादरीच्या आत भूत येत नाही, यावर जगातल्या सगळ्या मुलांचं एकमत आहे. एप्रिल-मेमध्ये मात्र हा प्रयोग टाळावा. भुताआधी चादरच जीव घेईल. त्या दिवसांत भर दुपारी आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्यामुळे भुतं रात्री बाराला निघतात असं कोणी लिहिलं, की आमचा हात आधी दुपारच्या बारावर जातो.

पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणावीत. आणताना भुतांचे प्रकार पाठ करत बसू नये. मुंजा पिंपळावर, समंध पुरलेल्या धनावर, गिऱ्हा पाण्यात, खवीस कुठेही, ही यादी येणाऱ्याला भूत ओळखता येतं असं नाही. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: याचं कोणाकडे काय येणं आहे? पेठेतला जुना दुकानदार दारात आलेल्याचा चेहरा बघत नाही, आधी त्याचं खातं उघडतो. वाचकानेही तेच करावं.

पाठ पहिला: पोथ्या

सुरुवात सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’ने करावी. विसाव्या अध्यायात शिरोळची एक बाई आहे. तिला मुलं होतात आणि दगावतात. कारण निघतं ते असं: गेल्या जन्मी तिने एका ब्राह्मणाचे शंभर बुडवले, त्याने जीव दिला आणि आता पिशाच्च होऊन तो वसुलीला आलाय. पुढे श्रीगुरू काय करतात हे नवशिक्याने नीट बघावं. ते भुताला जाळत नाहीत, पळवून लावत नाहीत. दोन्ही बाजू ऐकून घेतात, जमेल तेवढं द्यायला सांगतात, भुताच्या उत्तरक्रियेची सोय करतात आणि तडजोड घडवतात. इतकं समजूतदार भूत पुढच्या साहित्यात फारसं भेटत नाही. (याच पोथीत गाणगापुरातल्या पिंपळावरचा ब्रह्मराक्षसही आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी गाणगापूर रोडला थांबते, पण तो केव्हाच मुक्त झालाय.)

याच्या नेमकं उलट भूत बघायचं तर मंगळवेढ्याला चला. जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडलं, बिदरच्या बादशहाने धरून आणायचा हुकूम सोडला. पंत पोहोचण्याआधीच कोणी विठू महार दरबारात आला, धान्याची रक्कम मोजली, रीतसर पावती घेतली आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. महिपतीच्या ‘भक्तविजया’त, म्हणजे १७६२ साली, ही गोष्ट विस्ताराने आहे. कोठून आला माहीत नाही, कुठे गेला माहीत नाही, लक्षणं सगळी भुताची. फक्त हा घ्यायला नाही, द्यायला आलेला.

मंगळवेढ्यालाच गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा गेला, परंपरा ते वर्ष १३३८ सांगते. ढिगाऱ्यात हाडं अनेकांची. नामदेव एकेक हाड कानाला लावत गेले आणि ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोख्याची म्हणून निवडून त्यांनी पंढरपुरात महाद्वारापाशी पुरली. विदेशी भयकथेत बोलणारी हाडं आली असती तर पानभर किंकाळ्या असत्या. इथे सगळं शांतपणे होतं. भिंत बांधून घेणाऱ्याकडे त्या मजुरांचं काय येणं राहिलं, हे मात्र पोथी विचारत नाही. तुम्ही विचारा. माझ्या मते मराठी वाङ्मयातलं सर्वांत अस्वस्थ करणारं भूत हेच आहे, आणि ते कोणालाही त्रास देत नाही.

पाठ दुसरा: कादंबरी, कथा, नाटक

इथे नारायण धारप (१९२५-२००८) टाळता येत नाहीत. ‘लुचाई’ घ्या. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चं बीज त्यांनी मराठी मातीत असं रुजवलं की मूळ अमेरिकेतलं आहे हे लक्षातही राहत नाही. धारपांच्या बाबतीत आपला प्रश्न चालत नाही. त्यांच्या भुताचं तुमच्याकडे काहीच येणं नसतं. त्याला सरळ तुम्ही हवे असता. म्हणून तर भीती वाटते. तडजोडीला जागाच नाही. चादर डबल करा.

घाम पुसून द. मा. मिरासदारांकडे या. जन्म अकलूजचा, म्हणजे घरचेच. त्यांच्या कथेचं नाव ‘भुताचा जन्म’. भूत मरणातून नव्हे, गावातल्या तोंडांतून जन्मतं हे पारावर बसलेल्या कोणालाही पटेल.

नाटकांपैकी एकच सांगतो. ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ नावाने १८८३ साली आणलं ते गोपाळ गणेश आगरकरांनी. बुद्धिवादाचा एवढा कडवा पुरस्कर्ता, आणि निवडलं काय, तर पहिल्याच प्रवेशात भूत फिरणारं नाटक! या भुताचं येणं अर्थात मुलाकडे आहे: सूड.

पाठ तिसरा: कायद्याची पुस्तकं

हा पाठ नवशिके गाळतात. गाळू नये, कारण आमच्या शहराचं खरं भूत इथेच राहतं. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आमची जुनी मिल, १९४९ साली बंद पडली, १९५० साली सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेतली. चिरंजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. मिटलं म्हणावं, तर त्याच कायद्यावर द्वारकादास श्रीनिवास यांचा दावा उभा राहिला, आणि ते जिंकले. मिल गेली, भोंगा गेला. पण देशभरात घटनेचं कलम १४ शिकणारा विद्यार्थी आजही तिच्या वाटेने जातो, सोलापूर कुठे आहे हे माहीत नसतानाही.

दुसरं पुस्तक त्याहून बारीक: २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. त्याच्या अनुसूचीत भूत अगदी सुरुवातीलाच येतं. ते आहे की नाही, या वादात कायदा पडत नाही. भूत काढण्याच्या नावाखाली कोणाला दोरीने-साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद. नरेंद्र दाभोलकर हा कायदा वर्षानुवर्षं मागत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, आणि वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला.

वरील पाठांतलं काहीही घरच्या माणसावर करून बघू नये, हे वेगळं सांगायला नको.

प्रगत अभ्यासक्रम

इथवर जिवंत पोहोचलेल्यांनी भारुडं आणि अभंग उघडावेत. एकनाथांच्या एका भारुडात बाईला भूत लागलंय, लिंबू-नारळाचा उतारा त्याच्यापुढे पांगळा ठरतो, आणि शेवटी कळतं की ते सगळीकडेच आहे. तुकोबा त्याचा पत्ताही देतात: पंढरपूर. तिथे जाल तर धरले जाल, जाऊ नका, गेलेला माघारी येत नाही, असा स्पष्ट इशारा त्यांनी दिलेला आहे. तो कोणी मनावर घेतलेला नाही. आषाढीला लाखो माणसं चालत जाऊन सापडतात. नवशिक्याने एसटीने जावं, सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर आहे. परतीचं तिकीट मात्र आधी काढू नये. तुकोबांच्या सांगण्याप्रमाणे ते पैसे वाया जातात.