खालचा दोरा

लग्नाच्या मांडवात मावशी शिरल्या की लहान पोरींच्या आया सावध होतात. मावशी पोरीचा गाल ओढत नाहीत, नाव विचारत नाहीत. थेट फ्रॉकचा घेर उलटा करतात, कमरेची शिवण दोन बोटांत धरून उजेडाकडे नेतात आणि म्हणतात, "कोनं शिवलं व माय हे?" उत्तर येईपर्यंत चुण्या मोजून झालेल्या असतात. एकदा तर नवरीमागं दिवा घेऊन निघालेल्या करवलीलाच त्यांनी स्टेजच्या पायरीवर अडवलं. तिच्या घागऱ्याच्या डाव्या अंगाला सगळ्या चुण्या दाटून बसल्या होत्या आणि उजवं अंग बोडकं. अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा खाकरलेला, फोटोवाला "बाजूला व्हा" म्हणून ओरडतोय. मावशी शांत. "मंगलाष्टका कुठं पळून चालल्या का?" असं म्हणत त्यांनी चारदोन चुण्या उजवीकडं सरकवल्या, स्वतःच्या पदराची पिन काढून तिथं टोचली आणि मगच लग्न लागू दिलं.

आरमोरीत आमच्या घरामागच्या गल्लीत मावशींची पडवी आहे. पडवीत पायमशीन, मशीनवर 'उषा' हे नाव निम्मंअधिक घासून गेलेलं. हे मशीन काढणाऱ्या गृहस्थांनी आपल्या मुलीचंच नाव त्याला दिलं होतं, हे मी कुठंतरी वाचून मावशींना सांगितलं आणि पस्तावलो. तेव्हापासून मशीन हे मशीन राहिलं नाही, घरातली पोर झाली. "आज उषेले तेल नाई टाकलं." "उषेचा पट्टा ढिला झाला, दमली बिचारी." पावसाळ्यात उषेवर गोधडी असते. घरातल्या बाकीच्यांवर असतेच असं नाही.

मावशी ब्लाउज शिवतात, पायजमे शिवतात, शाळेचे गणवेश शिवतात, पण ते पोटासाठी. जीव चुण्यांत. आणि चुण्या घालताना त्यांना एक माणूस लागतो. लहानपणी तो माणूस बहुतेक वेळा मी असे. गल्लीतून गोट्या खेळत जाणाऱ्या पोराला हाक मारून बसवायचं आणि हातात कापडाचं टोक द्यायचं, ही त्यांची पद्धत. कृती अशी: टाक्याचा काटा सगळ्यात मोठ्या आकड्यावर. वरच्या दोऱ्याचा ताण सैल. मग कापडाच्या काठाजवळ एक लांब टीप, तिच्या शेजारी बोटभरही अंतर न सोडता दुसरी. एका टिपेवर भागवणारा शिंपी त्यांच्या लेखी शिंपीच नाही, कारण एका दोऱ्यावर चुणी उभी राहत नाही, पालथी पडते. बॉबिनीत मुद्दाम लाल दोरा, म्हणजे खालचा कुठला ते अंधारातही कळावं. कमरेच्या पट्टीचे चार भाग, घेराचेही चार भाग, खडूच्या खुणा, खुणेवर खूण ठेवून टाचणी. आणि मग तो क्षण.

"खालचा ओढ. दोन्ही संगं. वरच्याले हात नोको लावू."

दोन लाल दोरे हळूहळू ओढायचे. कापड आधी ऐकत नाही. मग एकदम सुरकुततं आणि दोऱ्यावरून सरकायला लागतं, जसं पाटातलं शेवाळ पाण्याबरोबर सरकतं. हवी तेवढी लांबी भरली की दोऱ्याचं टोक टाचणीभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यात गुंडाळायचं. घाईनं ओढलं तर दोरा तुटतो, आणि तुटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी अनेकदा तोडलाय. मावशी रागावत नसत. फक्त म्हणत, "बाप्पा, तुयी बायको कशी नांदन रे?"

कोणत्या कापडाला किती घेर, याची मोजमापं त्यांच्या डोक्यात पक्की आहेत. सुतीला कमरेच्या दुप्पट. मलमलीला तिप्पट, नाहीतर ती रिकाम्या पोटासारखी लोंबते. कोशाला दीडपटच्या वर नाही. कोसा आमच्याकडचा, इथल्याच ऐनाच्या झाडांवरच्या किड्यांचा, त्यामुळं त्याच्याबद्दल मावशी घरच्यासारखं बोलतात. "कोसा मानी रायते. त्याले गर्दी चालत नाई."

या 'खालच्या दोऱ्या'चं त्यांनी पुढं तत्त्वज्ञानच करून ठेवलंय. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची भाऊबंदकी मिटली, ग्रामपंचायतीत कोण पडलं, सगळ्याचा उलगडा एकच. "वरचा दोरा दिसाले साजरा. पन काम खालचाच करते." समोरचा मान हलवतो. न हलवून करतो काय, त्याचं ब्लाउजपीस त्यांच्याकडं असतं.

अशा या घरात सून आली ती वैनगंगेपलीकडची, ब्रह्मपुरीची, शिवणक्लास झालेली. दोन वर्षं ती काही बोलली नाही. तिसऱ्या वर्षी बचत गटाचं कर्ज काढून तिनं इंटरलॉक मशीन आणलं. दुकानदार त्याला ओव्हरलॉक म्हणतो, गाव इंटरलॉक म्हणतं. तीन कोन, एक सुई, पुढं काठ कापत जाणारी सुरी, खाली मोटार. पडवीच्या दुसऱ्या टोकाला ते बसलं आणि मधल्या दहा फुटांत सीमाप्रश्न उभा राहिला.

काठ गुंफायला इंटरलॉक वापरतात, इथवर मावशींची हरकत नव्हती. एके दिवशी मात्र सुनेनं तीन मीटरची झालर त्यावरून भरकन काढली, शेवटाला लोंबणाऱ्या साखळीतून एक दोरा निवडला आणि ओढला. झालर गोळा झाली. सगळा कारभार पाच मिनिटांचा. वर काठही गुंफलेला, सूत निघायची भीती नाही. मावशींनी झालर हातात घेतली, उजेडाकडं नेली.

"हे चुण्या नाईत. हे गर्दी होय."

फरक विचारला तर त्यांनी समजावून सांगितला. चुणी म्हणजे प्रार्थनेला उभी राहिलेली शाळा. प्रत्येक पोराची जागा ठरलेली, खांद्याला खांदा, कुणी कुणाच्या पायावर नाही. आणि गर्दी म्हणजे बाजाराच्या दिवशीची वडसा बस. मला हे पटलं नाही, अजूनही पूर्ण पटत नाही. पण त्यानंतर मी तयार फ्रॉक पाहिला की माझंही बोट आपोआप कमरेच्या शिवणीवर जातं, हे कबूल केलं पाहिजे.

सुनेला त्याहून भारी मशीन हवं आहे. त्यात कापड ओढणारे दात दोन जोड्यांचे असतात, पुढचे वेगळे, मागचे वेगळे. काटा दोनवर ठेवला की पुढचे दात मागच्यांच्या दुप्पट कापड आत ढकलतात, मागचे सावकाश सोडतात, आणि मधल्या मधे कापड आपोआप चुरतं. दोरा ओढायची गरजच नाही. हलक्या कापडाचं मात्र, जाड असेल तर ते दाद देत नाही. सुनेनं हे मोबाइलवर दाखवलं. मावशींनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. "पुढचा घाई करते, मागचा अडवून धरते, अन मधातल्याचा चुरा होते. हे तं आपलंच घर होय. त्याले मशीन कायले पायजे?" मधला म्हणजे त्यांचा मुलगा. तो तेव्हा जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

वाद वाढला की मावशी गांधीजींना बोलावतात. यंत्रांना नावं ठेवणाऱ्या गांधीजींनी 1924 साली शिवणयंत्राला सूट दिली होती, बायकोचे कष्ट पाहून सिंगरनं ते केलं म्हणून कौतुकही केलं होतं, ही हकीकत त्यांना कुणा सर्वोदयी गुरुजींनी सांगितलेली. सेवाग्रामही आपल्याच विदर्भातलं, म्हणजे निकाल घरचाच. "पायमशीनले पास केलं बापूंनी. इंटरलॉकचं नाव घेतलं का?" यावर सुनेनं शोधून ठेवलं होतं की ओव्हरलॉकचा टाका अमेरिकेतल्या मेरो कंपनीनं 1881 सालीच काढला होता. "आई, माझंही मशीन जुनंच हाये." मावशी क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बापूंच्या वेळी होतं, अन तरी नाव नाई घेतलं. पाह्य."

वीज गेली की मावशी दहा वर्षांनी तरुण होतात. आमच्याकडं वादळात झाडाची फांदी पडली की दिवसदिवस अंधार. इंटरलॉक मुकं बसतं आणि उषा खटखट चालू. त्या दिवशी मावशी गाणं म्हणतात. सुनेला चहाही करून देतात, तोही न मागता.

पण एक गोष्ट सून सांगते, मावशी घरात नसताना. एका दुपारी ती माहेरी गेली होती. आल्यावर पाहते तो तिच्या मशीनचा एक दोरा सुटलेला आणि खाली कापडाचा त्रिकोणी तुकडा पडलेला. पिवळा, बारीक फुलांचा. गल्लीतल्या एका पोरीचा फ्रॉक त्याच कापडाचा होता. त्या फ्रॉकला खिसा ठरला नव्हता. फ्रॉक गेला तेव्हा पोटावर, जरा विचित्र ठिकाणी, एक खिसा होता. पोरीच्या आईनं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "सध्या खिसा चालते." सुनेनं तो तुकडा फेकला नाही. बॉबिनच्या डबीत ठेवलाय. वेळ आली तर काढायचा, पण अजून वेळ आली नाही असं ती म्हणते. मला वाटतं कधी येणारही नाही.

गेल्या हिवाळ्यात मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत एका झाडीपट्टी नाटकातल्या नाचणाऱ्या बाईचा घागरा आला. दुपारी बारा वाजता. नाटक त्याच रात्री, वैरागडच्या अंगाला. आधीचा घागरा आदल्या रात्री टेंपोच्या खिळ्यात अडकून फाटला होता. झालर तीन थरांची. कंबर 30 इंच, म्हणजे पहिला थर 60, दुसरा 120, तिसरा 240. वीस फूट कापड दहा फुटांत बसवायचं. मावशींनी दोन थर केले, दृष्ट लागावी असे. तिसऱ्याला दोन टिपा मारल्या, मला फोन करून बोलावलं, टोक माझ्या हातात दिलं. चाळीस वर्षांपूर्वी होतो तिथंच मी बसलो. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मावशींनी हळूहळू दोरे ओढत आणले, अर्ध्याच्या पुढं गेल्या आणि दोरा तुटला. माझ्या हातून नाही, त्यांच्या.

कुणी काही बोललं नाही. मावशींनी तुटलेलं टोक पाहिलं, घड्याळ पाहिलं. मग सगळा गोळा उचलून दहा फूट पलीकडं नेऊन ठेवला.

"घे. कर तुयी गर्दी."

रात्री मावशी नाटकाला आल्याच, सुनेला घेऊन. मीच गाडी काढली. शामियान्यात थंडी मरणाची, लोक घोंगड्या पांघरून बसलेले, पहाटेपर्यंतचा खेळ. दुसऱ्या अंकात म्हातारी आई मेली, बायका पदर डोळ्याला लावत होत्या. मावशी कोरड्या. त्या लावणीची वाट पाहत होत्या. बाई आली, गिरकी घेतली आणि सगळ्यात खालचा थर उघडून गोल फिरला, एकसारखा, कुठंच न अडखळता. शिट्ट्या पडल्या.

"कंबर साजरी बसली," मावशी म्हणाल्या. कंबर त्यांची होती.

दुसऱ्या गिरकीला त्यांनी सुनेला कोपरानं ढोसलं. "तुया मशीनले तीन दोरे. त्यातला खालचा कोनता असते व?"

सून थोडा वेळ गप्प राहिली. मग घोंगडीच्या आतूनच म्हणाली, "आई, खालचा नसते ओढाचा. त्यात वरचा ओढा लागते. सुईचा."

बाई तिसऱ्यांदा फिरली. मावशींनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा स्टेजकडं पाहिलं, आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.