केबलकाका

दिवा-रोहा मेमूत पेणला चढणारे केबलकाका ओळखायला सोपे. धाटावच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये उभी हयात गेलेली, शर्टाच्या खिशात टेस्टर, पिशवीत जुन्या नेटवर्क केबलचं भेंडोळं आणि औषधाच्या रिकाम्या डबीत प्लॅस्टिकचे जॅक. आता निवृत्त असले तरी रोह्याला जाणं सुटलेलं नाही. तिथल्या भंगारातून केबल स्वस्त मिळते.

रेल्वेविषयी त्यांचं एक लाडकं मत आहे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि तिथून पुढे ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर कोकण रेल्वे. ‘‘दोन मालक! पण रुळाला रूळ सरळ भिडवला. मधे कुणी राउटर बसवला का?’’ यावर समोरचा प्रवासी नागोठणं आल्याचं निमित्त करून उठतो.

कुणाच्या घरी लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्ही आहेत, पण त्यांची आपसात ओळख नाही, एवढं कानावर आलं की काकांना जेवण जात नाही. ती ओळख थेट केबलनेच करून द्यायची, मधे काही नको. पेन ड्राइव्हचं नाव काढायची सोय नाही. फॅट ३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, हे ते ज्याची फाइल ४ एमबीची आहे त्यालाही बजावतात. दोन्ही यंत्रं फोनच्या हॉटस्पॉटवर घेतली की फाइल आपसात जाते आणि नेटचा डेटाही खर्ची पडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण फुकट म्हणजे काकांच्या हिशेबी जरा जास्तच स्वस्त. हाताला कामच उरत नाही! दोन्ही टोकांना यूएसबी असलेली साधी वायर कुणी आणली तर मात्र ते खरोखर चिडतात. दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात, एखादं पोर्ट जळायचं. मधे चिप असलेली वेगळी केबल लागते आणि ती महाग. इथे काकांचं शंभर टक्के बरोबर असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याची जास्तच पंचाईत होते.

श्रावणात पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात त्यांना यंत्रांची अशीच एक जोडी सापडली. डेस्कटॉपवर ऑर्डरींचा हिशेब, मालकाच्या मुलाच्या लॅपटॉपवर मूर्तींचे फोटो. मुलगा म्हणाला, ‘‘काका, राउटर आणतो की.’’

‘‘पैसे झाडाला लागलेत का रे?’’

काकांनी जमिनीवरच बैठक मारली. केबलच्या आत आठ तारा. एका टोकाला केशरी जोडी आधी, दुसऱ्या टोकाला हिरवी आधी. म्हणजे याची पाठवायची तार त्याच्या ऐकायच्या तारेला मिळते. ही क्रॉस केबल. हल्लीच्या गिगाबिट पोर्टांना सरळ केबलही चालते, यंत्रं आपलं आपण ठरवून घेतात. पण असल्या समजूतदारपणावर काकांचा विश्वास नाही. मिणमिणत्या ट्यूबखाली, प्लॅस्टरच्या धुळीत, त्यांनी तारा लावल्या, जॅक दाबला. शेजारी मूर्तीचे डोळे आखत बसलेल्या कारागिराने ब्रश न थांबवता मान वळवली.

‘‘काका, ती केशरी नाय, तपकिरी हाय.’’

एकदा दाबलेला जॅक सुटत नाही, कापावाच लागतो. काकांनी तो कापला, आणि पुढच्या सगळ्या तारा एकेक करून त्या कारागिराला दाखवून घेतल्या. आखणीवाल्याची नजर ती. त्याच्या पसंतीला उतरलेली केबल पहिल्याच फटक्यात लागली.

मग एका यंत्राला १९२.१६८.१.१, दुसऱ्याला शेवटी २, मास्क दोघांना २५५.२५५.२५५.०. फोल्डर शेअर झालं. फायरवॉलने आडकाठी केली, तिची समजूत घातली. फोटो सरकू लागले आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत, डेस्कटॉप काळाठिक्कर.

‘‘केबल उत्तम आहे,’’ काका अंधारात म्हणाले.

वीज आल्यावर उरलेले फोटो गेले. मालकाने पैसे विचारले तर काकांनी फक्त जॅकचे घेतले, वाया गेलेला धरून. मुलगा खूश, मालक खूश. काकांना मात्र करमेना. भेंडोळं बरंच शिल्लक होतं. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते म्हणत ते दारात गेले आणि समोरच्या कारखान्याच्या दिशेने पावलं मोजू लागले.

मालक घाईघाईने मागे धावला. ‘‘काका, ते आमच्याशी बोलत नाहीत.’’

‘‘बोलायचंय कुणाला?’’ काका मोजणी न चुकवता म्हणाले. ‘‘फोल्डर शेअर करायचं.’’