फ्रेमभाऊ

फ्रेमभाऊंचं खरं नाव यवतमाळात आता पोस्टमनलाच ठाऊक असावं. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून जगाकडे पाहणारा गृहस्थ दिसला की तेच समजायचे. टपरीवर चहा आला तरी आधी कप टेबलाच्या मधून उचलून डाव्या बाजूला सरकवतील, मग पितील. "मधात काही ठेवू नये राजेहो. वन थर्ड!"

चौकटीचे तीन भाग पाडणाऱ्या या एक तृतीयांशाच्या नियमाला जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजानं १७९७ सालच्या पुस्तकात नाव दिलं. तिकडे ती एक सूचना होती, फ्रेमभाऊंनी तिचा कायदा केला. घाटंजीच्या रस्त्यावर एक शेतकरी कपाशीत डवरा हाणत होता. फ्रेमभाऊंनी त्याला हातवारे करून बैलजोडी जरा डावीकडे घ्यायला सांगितली. तो थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "भाऊ, डवरा तासानं चालते, तुमच्या रेघीनं नाई."

खरा धोका मात्र कॅमेऱ्यात नाही, घरच्या कॉम्प्युटरवर आहे. सॅच्युरेशनची पट्टी त्यांच्या हाती लागली की उजवीकडे टोकाला जाऊनच थांबते. आपण कापसाला पांढरं सोनं म्हणतो. फ्रेमभाऊंनी संध्याकाळचं ऊन वाढवत नेऊन फुटलेल्या बोंडांचं खरोखरच सोनं केलं. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं तो फोटो पाहून एवढंच विचारलं, "कवडी माल हाय काय? भाव पडन बरं."

लग्नाच्या वाढदिवसाला ते वहिनींना घेऊन सहस्रकुंडच्या धबधब्याला गेले. पावसाळ्याचे दिवस, पैनगंगा काळ्या कातळावरून दणाणत कोसळत होती. इकडचा काठ आपला, उमरखेड तालुक्याचा. पलीकडचा नांदेडच्या किनवटचा. पलीकडचा काठ भाऊंनी क्रॉप करून टाकला. याला जिल्ह्याचा अभिमान म्हणता येईल. आभाळ ढगाळ होतं, ते काढून दुसरीकडचं सूर्योदयाचं बसवलं. फोटोशॉपमध्ये २०२० पासून ही सोय एका बटणावर आली आहे, पण बटणानं सूर्य बदलतो, कातळावरची उजेडाची बाजू बदलत नाही. त्यामुळे भाऊंच्या फोटोत सूर्य समोर आणि कातळ उजळला आहे कॅमेऱ्याच्या पाठीमागून. सगळ्यात शेवटी कडेला उभ्या असलेल्या वहिनींना पुसून त्या जागी फुललेला पळस लावला. पळस फुलतो फाल्गुनात, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. "पण लाल रंगाचा पॉइंट पाह्यजे होता ना."

वहिनींनी फोटो पाहिला. "भाकरी म्या बांधल्या, स्टँड म्या उचललं, अन् फोटोत पळस?"

"तू चांगलीच दिसत होती," भाऊ कळवळून म्हणाले, "पण मधात आली होती."

कोणी नावं ठेवली की भाऊ थेट अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला साक्षीला बोलावतात. साक्ष खोटी नाही. हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा १९४१ चा फोटो अ‍ॅडम्स पुढे कित्येक वर्षं नव्यानं छापत राहिला आणि त्यातलं आभाळ काळंभोर करत गेला. त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेनं समुद्र एका निगेटिव्हचा आणि आभाळ दुसऱ्याचं असे फोटो केले, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम धड उमटत नसत. फोटोवर हात फिरवणं हे पाप नव्हेच. मात्र अ‍ॅडम्सनं अंधार गडद केला तरी गाव गावाच्या जागी राहिलं, कबरींवरचे क्रूस क्रुसांच्या जागी राहिले. फ्रेमभाऊंच्या फोटोत यवतमाळ तेवढं राहत नाही. विजेचे खांब जातात, पऱ्हाटीचे ढीग जातात, फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस जातो. उरतं ते बघून सगळे विचारतात, "मनाली काय भाऊ?" आणि भाऊ खूश होतात.

त्यांचे पुण्याचे साडू तो धबधब्याचा फोटो पाहून भर मे महिन्यात कुटुंबासह आले. नदीच्या पात्रात तापलेला कातळ आणि त्यावर चार बकऱ्या. साडूंनी विचारलं, "धबधबा कुठाय?" फ्रेमभाऊंनी बोटांची चौकट केली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "टाकतो ना संध्याकाळी."

तुम्हाला सहस्रकुंड पाहायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा. कातळ निसरडा असतो, काठापासून लांब उभे राहा. फ्रेमभाऊ दिसले तर त्याहून लांब.